कार्डावरचा फोटो

त्या फोटोसाठी मी केस रंगवले होते. पुढे जी घाण झाली तिची सुरुवात तिथून आहे, म्हणून आधी तेच सांगते.

ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीला, मी ज्या म्हातारीला सांभाळते त्या एवांथियाबाईंच्या घराखालच्या गल्लीत, एक फोटोवाला आहे. तो म्हणाला, "मान सरळ, हसू नका, दात दिसू देऊ नका." मला कुठलं हसू यायला! चौदा वर्षं मी त्या शहरात लोकांच्या म्हाताऱ्या आयांना उठवत, बसवत, धूत, पुसत आले. पहिली सात वर्षं कागदांशिवाय. पोलिसांची गाडी दिसली की समोरच्या दुकानात शिरायचं आणि नको असलेल्या वस्तूचा भाव विचारत उभं राहायचं. पुढची सात पावतीवर. पावती म्हणजे 'कार्ड येणार आहे' असं सांगणारा कागद. त्या कागदावर बाहेर गेलं तर परत घेतात का, यावर रविवारी बागेत आम्हा जॉर्जियन बायकांची कडाक्याची भांडणं व्हायची. एक म्हणायची घेतात, माझी मावसबहीण जाऊन आली. दुसरी म्हणायची छे, माझी जाऊ इस्तंबूलला दोन महिने अडकली. मी धोका पत्करला नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. जेमालला मातीत ठेवताना मी फोनवर पाहिलं, एका हाताने एवांथियाबाईंचं सूप ढवळत.

मग गेल्या नोव्हेंबरात कार्ड आलं, कायमच्या वास्तव्याचं. आता कधीही जा, कधीही या, सलग वर्षभर बाहेर राहू नका म्हणजे झालं. फोटोत माझे केस काळेभोर, अंगावर एवांथियाबाईंचा मोठ्या कॉलरचा कोट. माझ्या स्वेटरची लोकर उसवली होती आणि बाई म्हणाल्या होत्या, "सरकारसमोर असं भिकाऱ्यासारखं जातात का?" कार्डावर त्या फोटोच्या डाव्या खांद्यावरून वेलबुट्टीसारखी एक बारीक नक्षी जाते, कुणी खोटं कार्ड करू नये म्हणून.

त्याच दिवशी कार्डाचा फोटो काढून मी घरी पाठवला. गोचाने, माझ्या मुलाने, तीन लाल बदाम पाठवले. अंझोरने, माझ्या धाकट्या दिराने, लिहिलं, 'अभिनंदन वहिनी. आता तुम्ही तिकडच्याच झालात.' मला वाटलं, चेष्टा करतोय.

माझा बेत मी कुणालाच सांगितला नव्हता. गुडघे गेलेत. वय त्रेसष्ट. कार्ड मी तिकडची होण्यासाठी घेतलंच नव्हतं. परतीचं दार उघडं राहिलं की मी निर्धास्त घरी जाऊन राहू शकेन, म्हणून घेतलं. वर्षातले नऊ-दहा महिने गावात, आणि कार्ड जिवंत ठेवायला थोडे दिवस ग्रीसमध्ये. जॉर्जियात जेस्ताफोनी शहराच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या आमच्या घरात पूर्वेची खोली माझी. खिडकीत तुतीचं झाड, आणि माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला अक्रोडाच्या लाकडाचा पलंग. चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात सोफ्यावर, घडीच्या खाटेवर, एकदा तर इस्त्रीच्या खोलीत झोपले. मला तो पलंग हवा होता. बाकी काही नाही.

"ऐन ईस्टरला जाणार?" एवांथियाबाईंचा मुलगा स्त्रातोस तोंड वाकडं करून म्हणाला. त्यांचं आणि आमचं ईस्टर एकाच दिवशी. मी म्हटलं, "तीन आठवडे." त्याला तीन आठवडे सांगितले आणि बॅगेत हिवाळ्याचे बूटसुद्धा भरले.

बसने दोन रात्री लागल्या. सगळा तुर्कस्तान खिडकीतून मागे गेला. सार्पीला, जॉर्जियाच्या सरहद्दीच्या नाक्यावर, समुद्राचा वास आला तेव्हा मी रडले, ते खोटं सांगत नाही. एवढंच चांगलं झालं त्या प्रवासात.

गोचा मला घ्यायला बातुमीला आला होता. पोट सुटलंय, जेमालसारखंच चालतो. घरी पोचलो तर अंगणात सगळे उभे. अंझोर पुढे आला आणि त्याने माझ्या दोन्ही गालांचे ओले, लसणाचे, दारूचे मुके घेतले. मिठी मारताना त्याच्या जाकिटाला जेमालच्या तंबाखूचा वास आला. जाकीटच जेमालचं होतं. मी हळूच गळ्यातल्या रुमालाने गाल पुसले.

"वहिनी! आमची सोन्याची वहिनी! ग्रीसने तर तुम्हाला तरुण करून पाठवलंय!"

"बॅगा आत घे," मी म्हटलं.

आत अंधार होता. मी दिवा लावायला भिंतीवर हात फिरवला. बटण नाही. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, भिंत सगळी चाचपली. सून थेओना मागून आली आणि भलत्याच ठिकाणी, कपाटाच्या पलीकडे, हात घालून तिने दिवा लावला. "आई, आम्ही वायरिंग बदललं ना," ती म्हणाली. मी माझ्याच घरात आंधळ्यासारखी उभी होते.

पूर्वेची खोली उघडली तेव्हा आधी वास आला. बंद मोज्यांचा, आंबट घामाचा, शिळ्या दारूचा. पलंगावर अंझोरची उशी. उशीवर पिवळा तेलकट गोल. खिडकीच्या फळीवर चहाची बशी आणि बशीत कापलेली नखं, अर्धचंद्राकार, जाड. पायाची. कोणी जपून ठेवावीत तशी.

"काकांच्या घराचं छप्पर गळतंय," गोचा म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात इकडे आले."

"छप्पर दुरुस्त करायला काय झालं?"

"करणार आहेत."

अंझोर विधुर, घर शंभर पावलांवर. त्याचं छप्पर जेमाल असतानाही गळतच होतं आणि तेव्हाही तो करणारच होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझी व्यवस्था बैठकीतल्या सोफ्यावर केली होती. थेओनाने नवी चादर घातली होती, घडीच्या खुणा दिसत होत्या. शेजारच्या काचेच्या कपाटात मी चौदा वर्षांत पाठवलेलं सगळं मांडून ठेवलेलं: कपबशांचा संच, मिक्सर, इस्त्री, टेबलक्लॉथ. सगळ्यांवर प्लास्टिक तसंच.

"वापरत का नाही?"

"पाहुण्यांसाठी, आई," थेओना म्हणाली. मग जरा लाजत विचारलं, "कार्ड बघू?"

मी दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, बोटाने नक्षीवर घासून पाहिलं. माझ्या तोंडाकडे तिने अजून एवढा वेळ पाहिलं नव्हतं. थेओना वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

शनिवारी मी मंजिष्ठेच्या मुळात अंडी उकळून लाल केली, अक्रोडाच्या रश्शातली कोंबडी केली, चीज भरलेल्या खाचापुऱ्या भाजल्या. "तुमच्या हाताची चव!" म्हणत सगळे स्वयंपाकघराबाहेर बसले. दोन रात्री बसमध्ये काढून आलेल्या बाईला कुणी खुर्ची दिली नाही. मला वाटलं, असू दे. एकदा बोलणं काढू, मग खोली रिकामी करून घेऊ. सोमवारी कबरस्तानातून आलं की बोलायचं ठरवलं.

ईस्टरच्या सोमवारी आमच्याकडे मेलेल्यांकडे जेवायला जातात. प्रत्येक कबरीला लोखंडी कठडा, आत एक टेबल, दोन बाक. लाल अंडी कबरीवरून गडगडवायची, वाइन मातीवर ओतायची, मग स्वतः प्यायची. आमच्याकडे जेवणाला एक तमादा असतो. तो उठून एकेकाच्या नावाने बोलतो, मग सगळे पितात. आमच्या घरात तमादा अंझोर, कारण त्याला दुसरं काही येत नाही.

जेमालचा नवा दगड मी पाहिला नव्हता. फेब्रुवारीत बसवला तेव्हा गोचाने फोटो पाठवला होता. काळा कुळकुळीत ग्रॅनाइट, त्यावर सुईने टोचून टोचून काढलेला जेमाल, अगदी हुबेहूब, डाव्या भुवईवरच्या व्रणासकट. फोटो त्याच्या खांद्यापाशी कापलेला होता. मी तेव्हा त्याचा विचारच केला नाही.

कठड्याचं फाटक उघडून मी आत गेले. हातात अंड्यांची टोपली. जेमालकडे पाहिलं आणि मग त्याच्या शेजारी पाहिलं.

शेजारी मी होते.

काळेभोर केस, सरळ मान, मिटलेलं तोंड. एवांथियाबाईंच्या कोटाची मोठी कॉलर. आणि डाव्या खांद्यावरून गेलेली ती बारीक वेलबुट्टी. कार्डावरची खोटेपणा ओळखण्याची नक्षीसुद्धा त्या कारागिराने इमानेइतबारे दगडात उतरवली होती. खाली माझं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे '२०'. पुढचे दोन आकडे तेवढे बाकी.

शेजारच्या कबरीवरून शेजारीण दोदो हात हलवत ओरडली, "लामारा! आलीस का गं! अगं, काय सुंदर आलीयेस दगडावर! आमच्या ह्यांच्या बाजूलापण मी जागा ठेवलीय, पण चेहरा नाही बाई काढला. तुझा दीर हौशी!"

मी टोपली टेबलावर ठेवली. अंझोर बाटली उघडत होता.

"अंझोर, हे काय आहे?"

"काय काय? दगड आहे."

"माझा चेहरा का आहे त्यावर?"

"मग कुणाचा असणार, भावाच्या शेजारी?" तो हसला. "वहिनी, असं बघा. कारागीर म्हणाला, दोन चेहरे एकदम केले की हात एकच राहतो. नंतर दुसऱ्याने केला की वेगळा दिसतो. आणि नंतर करणार कोण? तुम्हाला कार्ड मिळालं. कायमचं. तुम्ही तिकडे जगणार, तिकडे मरणार, तिथून कोण आणतंय मढं? निदान चेहरा तरी आपल्या माणसाजवळ असावा."

"मी मेले नाहीये."

"कोण म्हणतं मेलात! म्हणून तर आकडे ठेवलेत मोकळे. आणि ज्याचा दगड जिवंतपणी होतो तो शंभरी गाठतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

मी गोचाकडे वळले. तो अंड्याचं कवच नखाने सोलत होता, अगदी मन लावून.

"तुला माहीत होतं?"

"आई, लोक बोलत होते," तो मान वर न करता म्हणाला. "बाबांच्या शेजारची जागा मोकळी दिसली की विचारायचे, लामाराला तिकडे कायमचं कार्ड मिळालं म्हणे, मग ही जागा कुणासाठी? कुणी म्हणे तिकडे तुझा कुणी ग्रीक म्हातारा आहे. ऐकवत नव्हतं. म्हणून काकांनी त्यांची तोंडं बंद केली."

"माझं तोंड कोरून?"

थेओना ताटल्या मांडत राहिली.

अंझोरने पेला भरला आणि उभा राहिला. "जेमालसाठी! माझ्या भावाला शांती लाभो!" पहिली वाइन त्याने दगडाच्या उजव्या अंगाला ओतली. लाल धार जेमालच्या कपाळावरून, व्रणावरून खाली आली. आणि मग, थांबलासुद्धा नाही, सवयीने हात डावीकडे गेला आणि उरलेली वाइन माझ्या केसांवर ओतली. ती माझ्या डोळ्यांवरून, मिटलेल्या तोंडावरून, कॉलरवरून ओघळली. तेव्हा मला कळलं की हे पहिल्यांदा होत नाहीये. दगड बसवल्यापासून प्रत्येक वेळी हे येत असतील, कोंबडी खात असतील आणि मला पाजत असतील.

"शांती लाभो," शेजारच्या कठड्यातून कुणीतरी म्हणालं आणि प्यायलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाकावर बसले.

अंझोरचं अजून व्हायचं होतं. त्याने दुसरा पेला भरला. "आणि आता," त्याचा आवाज जड झाला, डोळे भरले, त्याला ते हवे तेव्हा भरता येतात, "आता त्या मातांसाठी, ज्या परक्या देशात आमच्यासाठी मेणबत्तीसारख्या जळतात! ज्यांच्या घामावर या गावाची छपरं उभी आहेत! आमच्या लामारा वहिनीसाठी! ही बाई नाही, ही देवळातली मूर्ती आहे! तिने स्वतः खाल्लं नाही, आम्हाला दिलं! तिने स्वतः पांघरलं नाही, आम्हाला दिलं!"

बोलता बोलता त्याने कोंबडीचा पाय तोंडात घातला. हनुवटीवर अक्रोडाचा रस्सा आला, तो त्याने जेमालच्या जाकिटाच्या बाहीला पुसला. सगळे उभे राहिले. शेजारच्या कबरीवरची दोदोसुद्धा डोळे पुसत उभी राहिली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते. इथे मढं समोर बसलं होतं आणि त्याच्यासमोरच खाणं चाललं होतं. माझ्या तोंडात घास होता, माझ्याच हातच्या खाचापुरीचा. तो गिळवेना. मी तो हातात थुंकला आणि कागदात गुंडाळला.

"अंझोर," मी म्हटलं, "बस खाली. मला एक विचारायचंय. गोचा, तुलाही. मी परत आले तर?"

"आलीच आहेस की," गोचा म्हणाला.

"तीन आठवड्यांसाठी नाही. राहायला. पूर्वेच्या खोलीत. मी त्यासाठीच आलेय. तिकडे वर्षातून थोडे दिवस जाईन, बाकी इथेच."

अंझोरचा पेला तोंडाशी जाऊन थांबला. थेओनाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. राग नव्हता, भीती होती. घरात साप निघाल्यावर येते तशी. आणि माझा मुलगा, ज्याला मी दोन वर्षांचा होईपर्यंत अंगावर पाजलं, तो म्हणाला,

"मग कार्डाचं काय?"

"कार्ड राहील. मी सांगितलं ना."

"नाही, म्हणजे... तिकडचं काम सुटणार ना मग?" तो अंझोरकडे पाहू लागला. "इतक्या मुश्किलीने मिळालं, आई. लोक जीव टाकतात त्याच्यासाठी. आणि तू ते कपाटात ठेवणार?"

"आणि खोलीचं काय," अंझोर आता हसत नव्हता. "माझ्या कंबरेला ती पूर्वेची ऊब लागते, वहिनी. सोफा काय वाईट आहे?"

एवढंच. "ये आई" म्हणायला गोचाला पैसे पडणार नव्हते. खोटं म्हणाला असता तरी मी ते खरं धरलं असतं, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ते दुष्ट नाहीत. त्यांनी मला केव्हाच नीट पुरलं होतं, दगड बसवला होता, नेमाने वाइन ओतत होते, आणि आता पुरलेलं माणूस उठून झोपायला पलंग मागत होतं.

घरी आल्यावर मी सरळ पूर्वेच्या खोलीत गेले. म्हटलं, मागते कशाला, घेतेच. अंझोरची उशी उचलून दाराबाहेर फेकली. चादर ओढली. खाली ती गादी होती जी मी पाचव्या वर्षी बसमधून पाठवली होती, जेमालची पाठ दुखते म्हणून. त्यावर नकाशासारखे पिवळे, तपकिरी डाग, एकावर एक. मधोमध अंगाचा खळगा पडलेला. चौदा वर्षं मी परक्या म्हाताऱ्यांच्या ओल्या गाद्या धुतल्यात, नाकाला रुमालसुद्धा न लावता. इथे माझी हिंमत झाली नाही. त्या गादीला हात लावावा, या पलंगावर पुन्हा पाठ टेकावी, या कल्पनेनेच ओकारी आली. चादर हातातून तशीच खाली पडली. मी बाहेर येऊन सोफ्यावर बसले.

"काढलंत ना सामान?" अंझोर दारातून म्हणाला. "मग झोपा की आता."

"झोप तूच," मी म्हटलं. "नखंही तुझीच आहेत, घेऊन झोप."

मंगळवारी मी दगडवाल्याकडे गेले. वार्लाम त्याचं नाव, जेस्ताफोनीच्या रस्त्यावर त्याचं आवार आहे, दोन्ही बाजूंना गावातले मेलेले ओळीने उभे. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आलात! मी लगेच ओळखलं. कॉलर जमलीय ना? तीन दिवस लागले कॉलरला. आणि ते खांद्यावरचं भरतकाम!"

"ते भरतकाम नाही. पुसून टाक."

"काय?"

"मला. पूर्ण. नाव, साल, आकडे, सगळं."

"बाई, ग्रॅनाइट आहे. पुसता येत नाही, खरवडावा लागतो. अर्ध्या दगडाची झिलई जाईल. त्यांच्या शेजारी राखाडी चट्टा दिसेल, खरजेसारखा."

"दिसू दे."

"माझं एवढं चांगलं काम!" तो खरंच कळवळला. त्या आठ दिवसांत माझ्या चेहऱ्याची कळकळ वाटलेला तो एकटा माणूस. मी माझ्या बॅगेतले हिवाळ्याचे बूट, नवे, लोकरीचे, त्याच्या बायकोसाठी दिले आणि वर जे मागितलं ते दिलं. बूट मला आता गावात लागणार नव्हते.

दुपारी तो यंत्र घेऊन कबरस्तानात आला. मी कठड्यात उभी राहिले. चाक दगडाला लागलं तसा कर्कश आवाज सुटला आणि पांढरी धूळ उडाली. आधी केस गेले. मग कपाळ. डोळे जाताना वार्लामने मान फिरवली, मी नाही फिरवली. तोंडाला रुमाल बांधायचं लक्षातच आलं नाही. घरी गेल्यावर चूळ भरली तरी संध्याकाळपर्यंत माझ्याच चेहऱ्याची धूळ माझ्या दातांत कचकचत होती.

अंझोर धापा टाकत आला तेव्हा '२०'चं शेवटचं शून्य जात होतं.

"हे काय केलंत! भावाच्या बाजूला खड्डा! लोक काय म्हणतील?"

"सांग त्यांना, लामारा ग्रीक म्हाताऱ्याकडे पळाली."

"वहिनी, शोभतं का हे?"

"तुझ्या अंगातलं जाकीट जेमालचं आहे," मी म्हटलं. "त्याच्या बाहीला तोंड पुसत जाऊ नकोस."

मी जेमालच्या कपाळावरची वाळलेली वाइन माझ्या रुमालाने, थुंकी लावून, पुसली. तो बिचारा चांगला होता असंही नाही. पण त्याने मला पुरलं नव्हतं.

तीन आठवड्यांसाठी म्हणून निघालेली मी नवव्या दिवशी परतले. गोचाने बॅगा बसमध्ये चढवल्या. वाटेत खायला द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा दिल्या. "आई, राग धरू नकोस," म्हणाला. "पोचलीस की फोन कर." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की अंझोरकडून शिकलेलं, हे मला आता ओळखता येत नव्हतं, आणि पोटच्या पोराबद्दल असं वाटावं याचीच मला किळस आली.

पुन्हा दोन रात्री, पुन्हा तुर्कस्तान. ग्रीसच्या नाक्यावर पहाटे सगळ्यांना खाली उतरवलं. बरोबरच्या बायका पावत्या, पासपोर्ट, चिठ्ठ्या छातीशी धरून उभ्या होत्या. मी कार्ड काढून दिलं. काचेमागच्या पोऱ्याने बोट यंत्रावर ठेवायला सांगितलं. यंत्र वाचेना. दुसरं बोट, तिसरं बोट. चौदा वर्षांच्या ब्लीचने रेषा उरल्यात कुठे! त्याने कार्ड उचललं, फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"तुम्हीच का या?" तो म्हणाला.

"सध्या एवढीच एक प्रत शिल्लक आहे," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. माझे केस मुळाशी पांढरे झाले होते, त्यामुळे घोळ झाला असणार. शेवटी अंगठा लागला. त्याने कार्ड परत दिलं आणि ग्रीकमध्ये म्हणाला, "घरी पोचलात, आजी." सगळ्यांनाच म्हणत असेल.

दुपारी दोनच्या सुमारास मी एवांथियाबाईंच्या घरात शिरले. उन्हामुळे सगळ्या झडपा बंद होत्या, आत मिट्ट अंधार. बदलीवर आलेली बाई मागच्या खोलीत घोरत होती. लघवीचा वास जिन्यापर्यंत येत होता. म्हणजे सकाळपासून एवांथियाबाईंचा लंगोट कुणी बदलला नव्हता.

"कोण आहे?" आतून म्हातारीचा चिरका आवाज आला. "कोण मेलंय तिथे? लामारा? कुठे तडमडली होतीस? माझा कोट कुठे आहे?"

माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. मी एक खाली ठेवली आणि न बघता, न चाचपता हात भिंतीवर टाकला. बोट थेट बटणावर पडलं. दिवा लागला.

मी तशीच उभी राहिले, हात भिंतीवर. नऊ दिवसांत खूप ओकारी आली होती, पण स्वतःच्या हाताची इतकी कधी आली नव्हती. मग मी तो हात धुतला आणि बाईंचा लंगोट बदलायला आत गेले.